वजनकाट्यावरची जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटी एक होकार! उरल्याच्या, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांच्या भागातल्या, लोखंडाच्या रोलिंग मिलच्या मॅनेजरचा फोन आला. वजनकाट्यावर एक पोट्टी घेऊन पाहतो म्हणाला. ट्रकचं वजन कॉम्प्युटरवर चढवायचं, पावती द्यायची. दिवसपाळीच. जमलं तर पुढे आणखी घेऊ म्हणे.

आमच्या सेंटरवर कॉम्प्युटर शिकून किती पोट्ट्या घरी बसल्या आहेत! त्यांच्यासाठी कारखान्यांच्या गेटवर उभी राहून राहून माझे पाय गेले. सोनियाचं नाव दिलं. तिच्यासारखा हात कोणाचाच चालत नाही.

५ फेब्रुवारी

सोनियाच्या पाऱ्यात, तिच्या वस्तीतल्या घरी गेली होती. तिचे वडील शंकरभाऊ ऑटो चालवतात. चहा दिला, मग म्हणाले — "उरल्यात? ट्रकवाल्यांमधी? दीदी, तुमची पोट्टी पाठवाल का तिथं?"

सोनिया दाराआड उभी, ओढणीचं टोक पिळत. तिची आई कलावती मले कोपऱ्यापर्यंत सोडायले आली. "थोडे दिवस द्या, दीदी. मी बोलून राहिली त्यांच्याशी."

६ फेब्रुवारी

जेवताना घरी सांगितलं. श्रावणीनं मोबाईलमधून मान वर केली — "तो मुझे भेज दो न, मम्मी."

बी.कॉम. होऊन माझी पोट्टी घरीच. इतक्या मुलाखती दिल्या, कुठूनच उत्तर नाही. आता तर विचारणंही सोडलं मी.

"वेडी झाली का? तिथं सगळे ट्रकवाले!"

म्हटलं खरं. शंकरभाऊ बोलले तेच ना हे?

९ फेब्रुवारी

मॅनेजर चिडला. "कल भेजिए मैडम, नहीं तो लड़का रख लूँगा. फिर लड़कियों की बात मत करना."

सोनियाचा फोन बंद. घरी जाऊन पाहिलं तर कुलूप. शेजारीण म्हणाली, भिलाईले लग्नाले गेले सगळे.

काय करू? एवढ्या मुश्किलीनं उघडलेलं दार! श्रावणीले म्हटलं, जाशील? सोनिया येईपर्यंतच.

१० फेब्रुवारी

श्रावणी डोक्यापासून पायापर्यंत धूळ घेऊन आली. आणि हसत! किती महिन्यांनी.

१२ फेब्रुवारी

शंकरभाऊ सोनियाले घेऊन सेंटरवर आले. इस्त्रीचा शर्ट. "हव दीदी, पाठवतो. सकाळी मीच ऑटोनं सोडीन, संध्याकाळी घेऊन येईन." सोनिया नुसती हसून राहिली. कलावतीनं घरी किती डोकं फोडलं असेल!

आत जाऊन मॅनेजरले फोन लावला. "अभी वाली बढ़िया कर रही है, मैडम. अब बदलना मत." वर म्हणतो, "आप ही की बेटी है न?"

बाहेर दोघं वाट पाहत. "दोन दिवसांत सांगते," म्हटलं. शंकरभाऊ हात जोडून गेले.

१३ फेब्रुवारी

सकाळी श्रावणीले सगळं सांगितलं. म्हटलं, तूच नाही म्हण मॅनेजरले. ती जागा सोनियाची आहे.

"पता है," ती म्हणाली. मिलवर जायले केस बांधत होती.

मी तिचा डबा भरून दिला.