चॅप्लनचा कोर्स आणि इद्रिसचा भाऊ

सिपोराताई, शालोम.

तू रब्बी व्हायला शिकतेस त्या कॉलेजात इस्पितळात धीर देणाऱ्या चॅप्लनचाही कोर्स आहे, म्हणून माझं नाव दिलंस. मी नाहीच म्हणणार होतो. दहावी नापास माणूस कोणाला धीर देणार? आणि इथे दुबईत, देरात, आपल्या मलिद्याच्या नैवेद्याला धड पोहेसुद्धा मिळत नाहीत. ते असो.

काल रास अल खोरच्या आमच्या गॅरेजात रोशन आणि सुदानी इद्रिस भांडले. शेवटी इद्रिस हात वर करून म्हणाला, "खलास, खलास!" इथे त्याचा अर्थ पुरे. चिपळूणहून नुकत्याच आलेल्या रोशनला वाटलं, हा मला खलास करतोय. त्याने लोखंडी पाना इद्रिसच्या कपाळात घातला. इस्पितळात पोचेपर्यंत इद्रिस गेला.

तिथे त्याच्या भावाने विचारलं, "शेवटी काय बोलला?"

"पुरे म्हणाला. आमच्या माणसाने भलतंच ऐकलं."

"आणि तू?"

"बघत होतो."

त्याने मला भिंतीवर आपटलं, तोंड फोडलं. मी हात उचलला नाही. मारून दमला, तेव्हा माझ्याच खांद्यावर हंबरडा फोडून रडला. नर्स ओरडली, "यल्ला, बाहेर!" तो माझा शर्ट सोडेना. मीही सोडवून घेतला नाही.

ताई, मी कोर्सला येतो. फोनवर एवढंच सांगेन. हे पत्र माझ्याजवळच राहू दे.

तुझा,
शिमशोन