श्रद्धांजलीचं पान

सोमवार, २ जून २०२५
पुणं सुटलं एकदाचं! तिथं रूमवरच्या पोरी हसायच्या, मुलगी असून 'मी आलो, मी गेलो' म्हणते म्हणून. हसू देत. आलो की गावात! शाहूपुरीतल्या ऑफिसात पहिला दिवस झ्याक गेला. आमची कंपनी वाढदिवसाची आणि श्रद्धांजलीची पानं वेबसाईटवर लावते. चौकात डिजिटल बोर्ड, मोबाईलवर आम्ही. सगळं कोडिंग पीएचपीत. मालक विजयसिंह तोंडाचे फाटके. शेजारी बसणारा सम्मेद मात्र गुणाचा, पहिल्याच दिवशी मिसळ खायला घातली.

बुधवार, ४ जून
मालकांचा शनिवारी वाढदिवस. त्यांचं पान लावलं, तर उघडलं श्रद्धांजलीचं! फोटोला हार, तारीख शनिवारची. कॅशेत जुना साचा अडकला असणार. एकदा तयार झालेलं पान सर्व्हर परत परत तेच वाढतो. कॅशे पुसली, पान सुधारलं. जेवून आलो तर परत हार. मालक ओरडले, की शनिवारपर्यंत निघालं न्हाय तर तुला गिऱ्हाइकांसमोर उभी करून माफी मागायला लावीन. माझं डोकंच सटकलं.

गुरुवार, ५ जून
आता त्या पानाची फाईल पुसायला सर्व्हर परवानगीच देत न्हाय. फाईल अनुजा नावाच्या खात्याची हाय म्हणतोय. सम्मेदला विचारलं, त्याचा चेहरा पडला. अनुजा माझ्या आधी या जागेवर होती. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला श्रद्धांजलीचं पान लावलं मालकांनी, आळ घातला तिच्यावर. हात जोडून उभं केलं, माफीचा व्हिडिओ गावभर फिरवला. आठवड्यात ती जिवानिशी गेली. खातं तेव्हाच बंद केलंय.
फाईल आज सकाळची हाय.

शनिवार, ७ जून
मालक गेले. केक कापताना, सगळ्यांसमोर— सुरी हातातच राहिली.
वाईट वाटायला पाहिजे होतं. न्हाय वाटलं. बरं झालं, असंच तोंडात आलं.

सोमवार, ९ जून
नवं पान. हार. सम्मेदचा फोटो. तारीख आजची—
रडत बोलला, की व्हिडिओ काढताना मोबाईल मीच धरलता. मुडद्यानं हे आधी न्हाय सांगितलं.
फाईल बघितली. अनुजाचं नाव गेलंय. तिथं माझं. ऐश्वर्या. म्हणजे पुसायचा हक्क माझा. एंटर दाबलं की सुटला—
तो हात जोडून उभा हाय. पूस म्हणतोय, पाया पडतो म्हणतोय.
मी मोबाईल काढला. त्याच्यासमोर धरला. म्हणलं, जरा जोरात बोल की, आवाज येत न्हाय. तो जोरात बोलला. एंटर मी दाबलंच न्हाय.