अर्थिंगचा खड्डा

१२ नोव्हेंबर

पोचले एकदाची जैनथला. आदिलाबाद स्टेशनवरून ऑटो केला, तर शेजारी कापसाचं बोचकं आणि बोचक्यावर डोकं टेकून झोपलेले एक आजोबा. ऑटोवाला एकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी उर्दूत भांडत होता आणि मधूनच मला मराठीत सांगत होता, काऊन घाबरता मॅडम, पोचवतो ना. नांदेडहून निघताना आईने तोंड पाडलं होतं. ती सोबत असती तर हसली असती.

काम मला मनापासून आवडलंय. पेनगंगेकाठच्या गावांत मराठी बोलणारे कापूसवाले शेतकरी पुष्कळ. त्यांच्या मोबाइलवर संस्थेचा बोलका संदेश जातो: बोंडअळी, फवारणी, वेचणी कधी करायची. तेलुगूतला आदिलाबादच्या ऑफिसात होतो, मराठीतला आता मी करणार. लिहायचं मी, बोलायचं मी, कापायचं-जोडायचं मी. काही महिने काम बघू, मग कायम करू, असं आमचे हर्षदीप सर म्हणालेत.

खोली केशवरावांच्या परसात आहे. रस्त्याला त्यांचं किराणा दुकान, मागे घर, त्याच्याही मागे ही एकटी खोली. केशवराव मोजकं बोलणारे, पण सामान स्वतः उचलून आत आणलं. प्रयागबाईंनी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, वर तेल. रस्त्याचा आवाज इथवर येतच नाही. रेकॉर्डिंगला याहून चांगली जागा कुठली?

१५ नोव्हेंबर

रेकॉर्डिंगला याहून वाईट जागा नसेल. सरांनी जो कॉम्प्युटर दिलाय त्याच्या साउंड कार्डात घूंऽऽ असा आवाज आहे. मी गप्प बसले तरी घूं. माउस हलवला की किर्र. फाइल उघडली की टिकटिक. माइकची वायर बदलली. न लागणारे सगळे इनपुट बंद केले. माइकचा जोर निम्म्यावर आणला, तर माझाच आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला आणि घूं होता तिथेच.

पहिला संदेश सरांनी परत पाठवला. म्हणाले, रंजीता, शेतकऱ्यांना बोंडअळी ऐकवायची आहे, पिठाची गिरणी नाही.

१८ नोव्हेंबर

ड्रायव्हर काढून परत टाकला. सीपीयू उघडून कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं, वायरी एकमेकींपासून लांब बांधल्या. बोट कापलं. काही फरक नाही.

सरांकडे लॅपटॉप मागितला. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. मग शनिवारी आदिलाबादला जाऊन बाहेरून लावायचं छोटं कार्ड माझ्या पैशाने आणलं. किर्र गेली, टिकटिक गेली. घूं राहिला. रडावंसं वाटलं.

२० नोव्हेंबर

केशवरावांनी नागनाथ नावाच्या वायरमनला बोलावलं. त्याने बल्बची एक तार फेजला लावली, दुसरी अर्थिंगला. बल्ब नुसता मिणमिणला. म्हणाला, मॅडम, तुमचं कार्ड चांगलं आहे, या खोलीची अर्थिंग मेलेली आहे.

खोलीच्या मागच्या भिंतीला लागून सिमेंटची छोटी चौकट आहे, तिच्यात जमिनीत गेलेला लोखंडी पाइप. नागनाथ म्हणाला, खाली सगळा भराव दिसतोय, भुसभुशीत. पाइप काढून दुसरीकडे खोल खड्डा घेऊ. यावर केशवराव एकदम चिडले. इथं कुदळ लावायची नाही म्हणाले. पाणी टाका लागल तेवढं, पण खोदायचं नाही. घरमालक असेच असतात, भिंतीत खिळासुद्धा ठोकू देत नाहीत.

नागनाथने मीठ आणि कोळसा टाकून दिला. रोज सकाळी दोन-तीन बादल्या ओता म्हणाला.

२३ नोव्हेंबर

फरक आहे! खरंच आहे! पाणी मुरतं तसा घूं उतरतो. आज पहिल्यांदा माझ्या श्वासाचा आवाज हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकला. दोन संदेश पास झाले. प्रयागबाईंना शेंगदाण्याची चिक्की नेऊन दिली. त्यांनी ती हातात धरून ठेवली, खाल्ली नाही. मी मागे पाणी ओतायला गेले की त्या घरात निघून जातात. काही चुकलं का माझं, असं विचारलं तर नाई म्हणाल्या.

२७ नोव्हेंबर

घूं जवळजवळ संपला, पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी निघालं. ठोकल्यासारखं. थांबतं, परत ठोकतं. पाण्याची मोटार म्हणावी तर मोटार बंद होती. माइकची पिन काढून टाकली. ठोकणं चालूच.

म्हणजे माइकमधून येत नाही. मग येतं कुठून? डोकं पिकलं. एक गोष्ट निस्तरावी तर तिच्या पोटातून दुसरी.

३० नोव्हेंबर

आता माणूस बोलतोय.

कुठल्या तरी रेडिओची लाट वायरीत शिरत असणार. असं होतं, मी वाचलंय. पण हा मराठी बोलतो, तेही इकडचं. मोडकं ऐकू येतं. ‘पानी’, मग घूं, मग ‘टाक’. परत परत तेच. पानी, टाक. पानी, टाक.

दुपारी तीन-चार बादल्या जास्तच ओतल्या. वाटलं, घूं पूर्ण गेला की निदान कळेल तरी कुठलं स्टेशन आहे.

सरांना घाई होती म्हणून संदेश तसाच पाठवला. शेवटी मी बोलायची थांबते तिथे तो आवाज अगदी बारीक आहे. कोणाच्या लक्षात येणार?

३ डिसेंबर

आल्या लक्षात आणून द्यायला. मनकर्णाबाई, नदीकाठच्या गावातून, ऑटोने. साठीच्या असतील. पदराच्या गाठीतून मोबाइल काढला आणि माझाच संदेश मला ऐकवला. शेवटाला आल्यावर म्हणाल्या, “हे माह्ये मालक हायेत. देवाजी.”

मी समजावलं. साउंड कार्ड, रेडिओ, अर्थिंग, सगळं सांगितलं. माझं मलाच खोटं वाटायला लागलं.

“मले कार्ड-बिर्ड समजत नाई, पोरी. पन ज्याच्यासंगं जलम काढला त्याचा आवाज मी वळखत नाई का?”

देवाजी विहिरी खोदायचे. काही वर्षांपूर्वी केशवरावांकडे विहिरीच्या कामाला आले ते घरी परतलेच नाहीत. केशवरावांनी सांगितलं, मजुरी घेऊन चंद्रपूरकडे गेला. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं.

मी विचारलं, पण इथे विहीर कुठे आहे?

मग दोघींनी मिळून खाली फरशीकडे बघितलं.

हेडफोन त्यांच्या कानाला लावला. डोळे मिटून खूप वेळ ऐकलं. ओठ हलत होते. मग माझं मनगट असं धरलं की अजून दुखतंय.

“पानी टाक नाई मनत ते. पानी नोका टाकू मनते. नोका टाकू बाई, गळ्यापर्यंत आलं.”

सकाळीच ओतलं होतं मी. भरभरून.

४ डिसेंबर

झोप नाही. ‘बाई’ म्हणतो तो. रोज कोण ओततंय हे त्याला माहीत आहे.

तो जिवंत असणं शक्य नाही, हे मला कळतं. पण बादलीला हात लावायची हिंमत होत नाही.

केशवरावांना सरळ सांगितलं. विहीर ढासळली होती का? तुम्ही बुजवली का? त्यांनी नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं की आणखी कोणाला सांगितलंत. मी म्हटलं, मनकर्णाबाई आणि मी, बस. ते म्हणाले, “उद्या मानसं बोलावतो. काढू आपन त्याला.” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

किती बरं वाटलं मला.

५ डिसेंबर

मोटारीच्या आवाजाने जाग आली. मोठा रबरी पाइप खड्ड्यात सोडलेला. पूर्ण धारेने. केशवराव खुर्ची टाकून बसलेले.

ओरडले. पाइप ओढायला गेले तर त्यांनी पायाखाली धरला. म्हणाले, “तुमचीच तक्रार होती ना आवाजाची? आता नाई येनार.”

प्रयागबाई दारात उभ्या होत्या. मी हाका मारल्या. त्या आत गेल्या.

खोलीत पळाले, हेडफोन लावला. का लावला? तो काय म्हणत होता ते लिहिणार नाही. शब्द होते तोवर शब्द होते. मग नुसते बुडबुडे —

मग काहीच नाही. घूं नाही, किर्र नाही. असं स्वच्छ कधीच नव्हतं.

६ डिसेंबर

हर्षदीप सरांचा फोन. काल सगळं शांत झाल्यावर रेकॉर्ड झालेली चाचणी फाइल चुकून त्यांना गेली होती. काय केलंस, म्हणाले, एकदम स्टुडिओसारखी शांतता आहे! तुझं कायम करून टाकू.

मी सांगायला लागले. विहीर, माणूस, पाणी. ते म्हणाले, दमलीयस तू, चार दिवस घरी जाऊन ये.

मनकर्णाबाईंना फोन केला. रडल्या नाहीत. उद्या गावची माणसं आणि पोलीस घेऊन येते म्हणाल्या, तू तिथून निघ. बसस्टँडवर थांब. पण आता रात्री बस नाही, सकाळच्या बसने निघेन.

फरशीला भेग पडलीय. टेबलापासून मागच्या भिंतीपर्यंत. काल नव्हती.

७ डिसेंबर, सकाळ

बॅग भरली. प्रयागबाई आल्या, बहिणीला फोन लावायचाय म्हणून मोबाइल मागितला. दिला. वाट बघतेय. बस चुकेल.

बाहेरून कडी लावलीय.

दार ठोकलं. खिडकीला गज आहेत. तिकडे केळी आणि भिंत, माणूस नाही. काकू, म्हणून हाका मारल्या. काकू, दार उघडा, मी कोणाला काही सांगणार नाही. सांगितलं असतं मी. पण म्हटलं तसं.

मागचा कोपरा खचला. फरशी तिरपी, खाली काळं पाणी. कपाट सरकतंय. मी दाराशी आहे. कॉम्प्युटर अजून चालू. हेडफोन लांब पडलाय, त्यात कोणी बोलतंय का ते —

नको. नाही बघायचं.

मोटार सुरू केली त्यांनी. परत.

आणखी दोन फरशा गेल्या. पाणी पायाशी. गार. ही वही उंच धरून —

ऑटो! ऑटो थांबला. मनकर्णाबाईंचा आवाज. एकट्याच आहेत का? पोलीस? दुसरा आवाज येत नाही. विचारतायत, ती पोरगी कुठं हाय.

केशवराव सांगतायत, सकाळच्या बसनं नांदेडला गेली.

ओरडतेय. घसा फाटेस्तोवर. दारावर लाथा — टेबल गेलं. पाणी गुडघ्यांवर —

ऐकलं त्यांनी. ऐकलं! विचारतायत, मग आतून कोन वरडून राह्यलं?

केशवराव अगदी शांत. मशीनचा आवाज आहे तो, म्हणतायत. तसाच येतो त्यातून. बाई चालूच ठेवून गेल्या, मी आता बंद —