साहेबांच्या नावाखालची जागा

बाबा, तुम्ही ज्या देशात गेलात, तिथल्या आपल्या वकिलातीच्या अंगणात आता एक काळा दगड उभा केलाय. नोकरीवर असताना तिकडेच वारलेल्यांची नावं त्यावर कोरलीत. मामांच्या मोबाईलवर फोटो आला. तुम्ही ज्यांची गाडी चालवायचात त्या साहेबांचं नाव आहे. एकाच गाडीत, एकाच वळणावर दोघं गेलात, पण तुमचं नाव नाही. आईनं फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. "डायवर होते ना. डायवरचं नाव कावून लिहितीन?" मामा म्हणाले, "अवं, खाली असन, फोटोत कटलं असन." "राहू दे तू. मले दिसून राहिलं."

सुट्टीत मामांना कारखान्यानं दिलेल्या सेक्टर दोनच्या या क्वार्टरवर आलात की तुम्ही मामांची स्कूटरच पुसत बसायचात. एकदा मी तिच्या आरशाला झेंडा म्हणून रुमाल बांधला, तर केवढे रागावलात. साहेब गाडीत नसतील तर झेंड्यावर खोळ चढवतात, रिकाम्या गाडीवर झेंडा उडवायचा नाही, म्हणालात. मी रडलो. मग तुम्ही जुन्या पायजम्याच्या कापडाची खोळ माझ्या रुमालाला शिवून दिली. कुठून कुठे चाललो मी.

सांगायचं हे, की वकिलातीनं विचारलं होतं बाबा. फॉर्म आला होता: नाव कोरायचं का, कसं लिहायचं, बायकोची सही, तुमचा फोटो. आईनं दोनदा हात धुऊन सही केली. सेक्टरच्या पोस्टावर तिचा भरवसा नाही. "रायपूरच्या मोठ्या पोस्टात टाक. आन् सीधा जाजो." मी बसनं निघालो. कुम्हारीला चहाला उतरलो तर ओळखीचा ट्रकवाला भेटला. "जगदलपूर जा रहा हूँ, चलेगा क्या?" पोस्ट तिकडेही असतेच म्हणून चढलो. महिन्यानं परत आलो तेव्हा फॉर्म पोचायची तारीख गेली होती आणि फॉर्म बॅगेत चुरगळला होता. आईला म्हटलं, टाकला.

पूर्वी ती शेजारणींना सांगायची, आमचे हे एम्बेसीत होते. आता म्हणते, मोठ्या लोकांनी माझ्या माणसाला माणसात धरलं नाही. काल मला म्हणाली, "तू लिही त्याईले. विचार, काय चुकलं होतं तुह्या बाबाचं." कागद घेऊन त्यांनाच लिहायला बसलो होतो, लिहून राहिलो तुम्हाला, आणि हे कुठे टाकणार नाही. नाव अजूनही घालतील कदाचित, पण त्यासाठी आधी आईला सांगावं लागेल. ती त्यांना शिव्या देत माझ्या ताटात गरम पोळी वाढते. मी मान खाली घालून जेवतो, आणि खरं सांगू, तिनं त्यांनाच शिव्या देत राहावं असं मला वाटतं.