पेल्यावरची चकती

ड्युसेलडॉर्फ, ८ सप्टेंबर १९७४

ती. एंगेलबर्ट काकांस,
गुडुलाचा शि. सा. न. वि. वि.

नाताळच्या कार्डाशिवाय आपल्या घरातून तुम्हाला काही येत नाही, तेव्हा पाकीट बघून दचकला असाल. सगळे ठीक आहेत. बाबांची तब्येतही वरवर ठणठणीत आहे. त्या ‘वरवर’मुळेच लिहितेय.

फेब्रुवारीत बाबांना तापानं धरलं होतं. ताप गेला, पण जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. परवा शेगडीवर बटाटे करपून कोळसा झाले आणि हे शेजारीच पेपर वाचत बसलेले! मग मी मुद्दाम बुरसा धरलेल्या पिंपातली बिअर त्यांच्यापुढे ठेवली. झकास आहे म्हणाले. काका, मला रडू आलं. आपलं गुपित कोणाला कळलेलं नाही असं त्यांना वाटतं आणि मीही तसंच दाखवते.

आता खरी अडचण. आपली जानेवारी-ऑक्टोबरातल्या मंगळवारची जड आल्ट बिअर यंदा ऑक्टोबरात मी एकटीनं केलीय, माझी पहिली. रिवाज तुम्हाला मी काय सांगणार! आपल्या बिअरखान्याच्या भरल्या दालनात बाबा पेला उचलणार. पिऊन झाल्यावर त्यांनी पुठ्ठ्याची चकती पेल्यावर झाकली, की बिअर नापास आणि पिंपं गटारात. पेला उघडा राहिला, की म्हातारा वाढपी माथेस न विचारता दुसरा आणून ठेवणार, म्हणजे पास. बाबा पेला उघडाच ठेवतील, पण तो मुलीसाठी. मग बिअर खरंच चांगली झाली का, हे मला जन्मात कळायचं नाही.

बावीस वर्षांपूर्वी बाबांच्या पहिल्या बिअरीवर तुम्ही चकती झाकलीत आणि कोलोनला निघून गेलात. तेव्हा मी सहा वर्षांची होते. घरात तुमचं नाव निघत नाही, पण अशी जीभ पुन्हा झाली नाही असं माथेस अजून म्हणतो. १५ ऑक्टोबरला याल? वाल्बुर्गा काकूंना सा. न.

तुमची,
गुडुला


कोलोन, १४ सप्टेंबर

चि. गुडुलास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. येणार नाही. तुझ्या बापानं मला त्या दारातून बाहेर जाताना पाहिलंय, आत येताना त्यानंच बोलवायला हवं. शिवाय माझी जीभ खोटं बोलायला वळत नाही. तेव्हा वळली नाही, आता एकसष्टाव्या वर्षी काय वळणार? लाम्बर्टची बिअर करपलेली होती. करपलेली म्हणालो, एवढाच माझा गुन्हा. उद्या तुझीही तशीच निघाली तर? एका घरात दोनदा चकती झाकायची मला हौस नाही.

काकू म्हणते, उगाच ताठा मिरवू नकोस. तिचं सोड. इथल्या लोकांना बिअर म्हणून फिकट पिवळं पाणी पिऊन सगळ्यांशी गोड बोलायची सवय आहे.

पण मला सांग, रंग कसा आलाय? खिडकीपाशी धरलास तर घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा दिसतो की गढूळ? फेस पेल्याला चिकटून खाली उतरतो का? आधी कडू लागतं की आधी भाजल्या पावाचं? गिळल्यावर तोंड कोरडं पडून दुसरा घोट मागतं का? दुसरा घोट पहिल्याहून बरा लागला तर ती बिअर, नाहीतर सरबत. आणि वास! गार पेला हातात धरून थोडा कोमट कर आणि मग हुंग. सगळं लिही. नुसती उत्सुकता म्हणून विचारतोय, भलतंसलतं समजू नकोस.

तुझा,
एंगेलबर्ट काका


ड्युसेलडॉर्फ, २ ऑक्टोबर

ती. काकांस, शि. सा. न. वि. वि.

नुसत्या उत्सुकतेला दीड पान लागलं हो! रंग तांब्याचाच आहे. फेस चिकटतो. आधी कडू, मग पावाचा कडक पापुद्रा, शेवटी कोरडं. दुसरा घोट बरा लागतो, पण आपला तो बाब्या, तेव्हा माझं मत धरू नका.

एक मात्र कळत नाही. कोमट झाल्यावर तळातून एक वास येतो. गडद, गोडसर, ओळखीचा. चार दिवस नाव आठवतेय, ओठांवर येतं आणि परत जातं. माथेसला विचारलं तर म्हणाला, त्याचं काम पेले आणण्याचं, हुंगण्याचं नाही. बाबांना विचारायला गेले आणि दारातूनच परतले.

हा दोष असेल तर मला आत्ताच कळायला हवं. काका, झाकायचा तर झाका पेला, पण या.

तुमची,
गुडुला


ड्युसेलडॉर्फ, १७ ऑक्टोबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

हॅट डोळ्यांवर ओढली आणि खांबाआड बसलं, की सख्खा भाऊ ओळखत नाही असं तुला वाटलं? कोण बोलावून गेलं ते विचारत नाही. गुडुला दोन दिवस फारच साळसूद चेहऱ्यानं वावरतेय.

दादा, मला वास येत नाही. फेब्रुवारीपासून. हे आज पहिल्यांदा लिहितोय. आठ महिने मी माणसांचे चेहरे बघून बिअर पारखतोय. मंगळवारी पेला उचलला, रंग पाहिला, घोट घेतला. गार आणि कडू, पुढं काही नाही. समोर पोरगी एप्रनमध्ये हात गुंडाळून उभी. पेला उघडा ठेवणार होतोच, पण लाजेनं माझी मान वर होईना.

तेवढ्यात माथेस तुझ्यापुढं पेला आदळताना दिसला. कोलोनचं पाणी पिऊन जिभेला बुरशी आली असेल, तर धुवून घे म्हणाला, ते माझ्यापर्यंत ऐकू आलं. मी पेला ओठांशी तसाच धरला आणि तुझा हात बघत राहिलो. तू प्यायलास. माथेसनं दुसरा आणला, तोही प्यायलास. मग चकती उचललीस. ती तू कोटाच्या खिशात टाकलीस! मी पेला रिकामा करून उघडा ठेवला. टाळ्या थांबेपर्यंत तू निघून गेला होतास. चकत्या लांबवणारं गिऱ्हाईक म्हणून माथेस अजून तुझ्या नावानं ओरडतोय.

बावीस वर्षं तुझा राग केला. पण त्या दालनात मला विश्वास ठेवायला तुझ्याच हाताशिवाय दुसरं काही सापडलं नाही. आता खरं सांग. चकती खिशात टाकलीस ती दया म्हणून का? दया असेल तर तसं लिही, मी पोरीला सांगणार नाही.

आणि दया नसेल, तर ती बिअर कशी लागते ते लिही. पोरीला त्यात कसलासा वास येतो, नाव सापडत नाही, असं माथेस सांगत होता. माझ्या मुलीची पहिली बिअर, दादा, आणि मला तिची चव माहीत नाही.

तुझा,
लाम्बर्ट


कोलोन, २० ऑक्टोबर

चि. लाम्बर्टास अनेक आशीर्वाद.

दया करायला मी काय पाद्री आहे? झाकायच्या तयारीनंच आलो होतो. पहिल्या पेल्यात दोष शोधला, सापडला नाही. दुसरा शोधायचं विसरून प्यायलो. मग वाटलं, हा हात जुना खोडील आहे, चकती याच्याजवळ नको.

आता चव. आधी कडू, अगदी सरळ, समोरून येणारं. मागून राईच्या पावाचा पापुद्रा. मग घोट उतरतो, तोंड कोरडं पडतं आणि वाटतं, संपलं. तेव्हा तो वास येतो. पोरीला सांग, ती बीटची काकवी आहे. आईची नाही, ती पातळ करायची. नदीच्या पलीकडच्या काठावरच्या मळ्यात शरद ऋतूत मोठ्या कढईत आटवायचे, ती. आपण दोघं शाळा बुडवून पावाचा तुकडा घेऊन तिथे उभे राहायचो. कढई उतरवायच्या ऐन क्षणी यायचा ना, तो वास.

आणि लाम्बर्ट, तो मी आधीही एकदा घेतला होता. तुझ्या बिअरीत. करपलेली होतीच, ते मी मागे घेत नाही. पण तू काय आटवायला निघाला होतास ते मला तेव्हा कळलं नाही. तू कढई क्षणभर उशिरा उतरवलीस, मी क्षणभर लवकर पेला झाकला. पोरीनं ती वेळेवर उतरवली. तिला कोणी शिकवलं नसेल, तर तुझ्याकडूनच आलंय.

माथेसची चकती सोबत पाठवली आहे, त्याला ओरडू नको म्हणावं. जानेवारीतल्या मंगळवारी तू बोलवलंस तर खांबाआड बसणार नाही, तुझ्या शेजारी बसेन. रंग तू बघ. वास मी सांगत जाईन, तुझ्या कानात.

लोभ होताच, तो आता झाकून ठेवू नये.

तुझा,
दादा