झाकणावरचा घाम

सेइजिरोदादा,

आपलं घर आता संग्रहालय झालंय. आजोबांनी जमवलेली चित्रं, लाखेची भांडी, सगळं काचेआड. आज बघून आले.

तू जहाजावर गेलास तेव्हापासून आई रोज तुझं पान मांडायची. वाडग्यातल्या गरम भातावरच्या झाकणाला आतून घाम आला, की म्हणायची, "जिवंत आहे गं माझा बाळ!" गावाने तुला कधीच बुडवलं होतं.

तो वाडगा तिथे आहे. रिकामा, तरी झाकणावर थेंब.

"रोज पुसते हो ताई," तिथली बाई वैतागून म्हणाली, "मेलं थांबतच नाही! शेजारचं बघा, कसं कोरडं ठणठणीत."

शेजारचं माझं. मी सासरी निघाले तेव्हा आईने माझ्यासाठीही तसंच मांडलेलं.

दादा, लवकर ये. मला माझ्याबद्दल अजून कुणी काहीच सांगितलेलं नाही.

तुझी,
मित्सुए