गच्चीवरच्या टाकीतला खडस

रविवार, ७ डिसेंबर

आज इतिहास घडला. अल्ताफबरोबर मलकापूरच्या पुढच्या डोहावर गळ टाकायला गेलतो. मी, प्रा. दत्तप्रसाद हळदीकर, ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारा माणूस, आणि माझ्या गळाला खडस. इंग्रजी पुस्तकात ज्याला महसीर म्हणतात तो. हातभर लांब, सोनेरी खवले, जाड ओठ. या भागात आता तो कुणाला दिसतसुद्धा नाही.

तिथं एक बोर्ड आहे. खडस पकडणे, बाळगणे, विकणे, वाहून नेणे गुन्हा आहे, वगैरे. सकाळी मी त्यावर जर्किन अडकवलं होतं, त्यामुळं मजकूर निघताना वाचला. कायद्याचं अज्ञान ही सबब होत नाही, हे मीच मुलांना शिकवतो. पण इथं अज्ञान नव्हतं. जर्किन होतं.

अल्ताफचं फिश टँकचं दुकान आहे. माशांतलं त्याला कळतं, माणसांतलं कमी. म्हणाला, "सर, एक फोटो काढा आन सोडा." फोटो काढला, पण उजेड नीट नव्हता. शिवाय माशाच्या ओठाला गळाची जखम. जखमी जीव तसाच सोडणं मला पटेना. अल्ताफ मलकापुरात गिऱ्हाइकाचे मासे पोचवून आलता, त्यामुळं ड्रम आणि बॅटरीचा पंप माझ्या डिकीत होताच. कोल्हापूर येईपर्यंत अल्ताफनं तीनदा गाडी थांबवून पंप चालू आहे का ते बघितलं.

मासा सध्या गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत. याला बाळगणं म्हणत नाहीत. हा उपचार आहे.

संकल्प: पुढच्या रविवारी नेऊन सोडणे.

सोमवार, ८ डिसेंबर

अल्ताफचा फोन. टाकीत नळाचं ताजं पाणी चढवू नका, ब्लिचिंगनं मरंल. मोटर बंद केली. म्हणजे घरात वरचं पाणी नाही. बायको, मधुवंती, खालच्या नळावरून बादल्या भरून आणते. तिनं विचारलं, सोडायचाच आहे तर आज का नाही? म्हटलं, कॉलेज आहे. म्हणाली, रजा काढा. असल्या कामाला रजा काढत नाहीत हे तिला समजावलं. ती बादली घेऊन निघून गेली. समजलं असावं.

फोटो अँगलर्सच्या, म्हणजे आम्हा गळवाल्यांच्या, ग्रुपवर टाकला. ग्रुपचा ॲडमिन पृथ्वीराज, बँकेत आहे, मोठा काटेकोर मनुष्य. त्यानं विचारलं, सोडला ना सर? मी लिहिलं, अर्थात. हा भविष्यकाळी अर्थात होता. मराठीत तशी सोय नाही, त्याला मी काय करणार?

बुधवार, १० डिसेंबर

पेपरात माझा ग्रुपवरचा फोटो. 'जाळ्यात अडकलेल्या दुर्मीळ माशाला प्राध्यापकाने दिले जीवदान.' जाळं कुठून आलं देव जाणे. खुलासा करणार होतो, पण बातमीदार नवीन आहे असं कळलं. उमेदीच्या माणसाचा हिरमोड करू नये.

स्टाफरूममध्ये शाल, नारळ. प्राचार्य म्हणाले, हळदीकर, तुम्ही शिकवता तसं वागता.

दुपारी मासेमारी बघणाऱ्या खात्यातून अनुजा मॅडमचा फोन. आवाज शांत. डोहाच्या संरक्षणासाठी समिती करतोय, तुम्ही हवेच. होकार दिला. आतून काम करता येतं.

संध्याकाळी टाकीचं झाकण उघडून बघितलं. मासा भिंतीला नाक लावून कडेकडेनं फिरतोय. कोपरा आला की वळतो, पुन्हा तेच. रुळतोय.

शुक्रवार, १२ डिसेंबर

समितीची पहिली बैठक. भाषण फार चांगलं झालं. मी म्हटलं, बोर्ड लावून मासा वाचत नाही. चोर बोर्डाकडं बघत नाहीत. मलकापूरच्या रस्त्यावर नाका बसवा. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी, डिकीसकट तपासा. ओळखीचा असो, पुढारी असो, कुणाला सूट नको. टाळ्या. अनुजा मॅडमनी विचारलं, जाणाऱ्या गाड्या कशाला? डोहाकडं मासा कोण घेऊन जाईल? मी म्हटलं, मॅडम, कायद्याला दिशा नसते.

वाक्य सुचलं तसं बोललो. एकमतानं मंजूर. नाक्याचं काम समितीतल्याच पृथ्वीराजकडं. रविवारपासून सुरू.

घरी येताना रिक्षात लक्षात आलं, रविवार म्हणजे परवा.

रविवार, १४ डिसेंबर

मासा घरी ठेवून रिकामी गाडी घेऊन गेलो. पाहणी म्हणून. नाक्यावर पृथ्वीराज, एक पोलीस आणि खात्याचा एक माणूस. मला बघून पृथ्वीराजनं हात जोडले, चहा मागवला आणि डिकी उघडली. स्टेपनी काढून खाली बघितलं. सीटखाली हात घातला. म्हटलं, अहो, मी आहे. तो म्हणाला, "सर, तुमीच म्हणालता, वळकीचा असला तरी बगायचं."

शिस्त बघून समाधान वाटलं. समाधान घेऊन परत आलो.

मधुवंतीनं विचारलं, सोडायचा होता ना आज? म्हटलं, परिस्थिती बदलली. ती म्हणाली, कुणी बदलली?

प्रश्न टोकदार विचारते. कॉलेजात असती तर पुढं गेली असती.

मंगळवार, १६ डिसेंबर

पर्यायांचा विचार.

कळंबा तलाव. सकाळी फिरायला म्हणून गेलो. पाणी भरपूर. पण काठावर फिरणारी माणसं, राखणदार, आणि जरा मान वळवली की तुरुंगाची भिंत. मला तुरुंगाची भीती वाटत नाही. जागा मनाला पटली नाही, एवढंच. शिवाय अल्ताफ म्हणतो, खडसाला वाहतं पाणी लागतं, तळ्यात टिकायचा नाही.

मग अल्ताफलाच म्हटलं, तुझ्या दुकानात मोठा टँक आहे, ठेव चार दिवस. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, माझ्या दुकानात हा मासा घावला तर माझं दुकान जाईल. तुमच्या गच्चीत घावला तर तुमची शाल जाईल. दोन्ही एक न्हाय." मी म्हटलं, तू घाबरतोस. तो म्हणाला, "व्हय, घाबरतोय. मॅडमना फोन करा, खरं सांगा. मासा तरी जगंल."

मित्रांकडून वेगळी अपेक्षा होती.

गुरुवार, १८ डिसेंबर

माईला कळलं. माई म्हणजे माझी आई. गुडघ्यांमुळं गच्चीवर जात नाही, म्हणून निर्धास्त होतो. आज पापड वाळत घालायला बसत बसत पायऱ्या चढली आणि झाकण उघडलं. खाली आली ती हात जोडतच. असा मासा तिच्या माहेरी देवळाच्या डोहात असायचा, लाह्या टाकायच्या, कुणी हात लावत नसे. मला म्हणाली, "पोरा, देवाचं जित्राब हे. आणलंस कशाला?"

सांगितलं, उपचाराला. माईनं विचारलं, "बरं झालं न्हवं आता? मग?"

तिला शपथ घातली, कुणाला बोलू नकोस. दुपारपर्यंत शेजारच्या धोंडुबाई कणकेच्या गोळ्या घेऊन दारात. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली गळ्यात. टाकीत लावलेल्या विजेवरच्या पंपाची वायर बाथरूमच्या खिडकीतून वर गेली आहे, त्यामुळं खिडकी लागत नाही. अंघोळीला गार वारा. कुणी आलं की मी जिन्यात उभा. लाइट गेली की वर पळत जाऊन हातानं पाणी ढवळतो. कॉलेजात तास चालू असतो तेव्हा लाइट गेली तर, या विचारानं आज मूलभूत हक्क दोनदा शिकवले.

मासा खात नाही. नाकाजवळ पांढरं पडलंय, सिमेंटला घासून. खवल्यांचा रंग उतरलाय. उजेडामुळं तसं दिसत असेल.

शुक्रवार, १९ डिसेंबर

अनुजा मॅडमचा फोन. रविवारी त्या समितीच्या कामासाठी घरी येतायत. तुमच्या गच्चीवर बसू, हवा छान असते म्हणाल्या. गच्ची आहे हे यांना कुणी सांगितलं?

मधुवंतीला म्हटलं, तू सांगितलंस? ती म्हणाली, नाही. पण सांगायला हवं होतं. मग बराच वेळ भांडी घासत राहिली. शेवटी म्हणाली, तो मासा आणि तुम्ही, दोघंही त्याच त्याच भिंतीला नाक घासताय. त्याला तरी दुसरा इलाज नाही.

मी वर गेलो आणि झाकण उघडलं. 

संकल्प: उद्या सकाळी. काहीही होवो.

शनिवार, २० डिसेंबर

योजना अशी होती. ड्रम मागच्या सीटवर, त्यावर समितीचा बॅनर, शेजारी माई. म्हातारं माणूस गाडीत असलं की तपासणारा जरा बिचकतो. माईला पढवलं, विचारलं तर देवाला न्यायचं पाणी आहे म्हणायचं. माईनं डोक्यावर पदर घेतला. मी त्याला होकार समजलो.

टाकीतून मासा काढताना त्यानं फारशी धडपड केली नाही. पहिल्या दिवशी त्याच्या ओढीनं माझा खांदा दुखावला होता. आज ओल्या टॉवेलात गुंडाळला आणि तो नुसता तोंड उघडत-मिटत राहिला. मधुवंतीनं ड्रम धरला. म्हणाली, हळू.

नाका. बँकेत रजा टाकून आलेला पृथ्वीराज पुढं आला. मी काच खाली करून म्हटलं, काय, चाललंय ना व्यवस्थित? हो म्हणाला. त्यानं मागं वाकून माईला नमस्कार केला आणि बॅनरवर हात ठेवून विचारलं, "आजी, ह्यात काय हाय?"

माई म्हणाली, "मासा हाय की. ह्यानं आणलेला. सोडायला चाललोय."

मी म्हटलं, माईला हल्ली नीट ऐकू येत नाही. माई म्हणाली, "मला चांगलं ऐकू येतंय. खोटं कशाला बोलू? देवाचं जित्राब."

बॅनर निघाला. पृथ्वीराज ड्रमात बघत राहिला. मग माझ्याकडं. एवढंच म्हणाला, "सर." आणि फोन लावला.

अनुजा मॅडम मलकापुरातच होत्या, लगेच आल्या. मी गाडीतून उतरून सुरुवात केली, यामागची पार्श्वभूमी अशी की. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ड्रमावर वाकून विचारलं, पंप चालू आहे? किती वेळ झाला? पोलीस म्हणाला, आधी पंचनामा करू. त्या म्हणाल्या, पंचनामा थांबेल, हा थांबणार नाही.

डोहावर गेलो. साडी खोचून त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या. दोन्ही हातांत मासा उभा धरला, तोंड धारेकडं. तो आडवा पडायचा, त्या पुन्हा सरळ करायच्या. बराच वेळ. माई काठावर बसून काहीतरी पुटपुटत होती. पृथ्वीराज चपला काढून उभा. मला सांगायचं होतं की उपचारामुळंच तो इतके दिवस टिकला. कुणाला सांगावं ते कळेना.

मग शेपटी हलली. एकदा, पुन्हा एकदा. त्यांनी हात सोडले आणि तो गेला. पाण्यात कुठंसा सोनेरी दिसला, मग नाही.

मी जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढली. थंडी होती.

पंचनामा झाला. मी निवेदन तोंडी दिलं, सविस्तर, मुद्देसूद, जाळ्यापासून कायद्याच्या दिशेपर्यंत. मॅडमनी ऐकून घेतलं आणि लिहिलं: मासा जिवंत, नदीत सोडला. सदर इसमाने मासा घरी ठेवल्याचे कबूल केले. मी म्हटलं, कबूल असं नाही, मी स्पष्टीकरण दिलं. त्या म्हणाल्या, "सर, माशाच्या नाकाचं कातडं गेलंय."  सदर इसमाने सही केली.

परतताना गाडी जड वाटत होती. ड्रम तर रिकामा होता.

रविवार, २१ डिसेंबर

मॅडम घरी आल्या नाहीत. समितीच्या ग्रुपमधून मला काढलं आहे. पृथ्वीराजनं आधी वैयक्तिक मेसेज केला, सर, नाइलाज आहे. सभ्य माणूस.

अल्ताफ आला, ड्रम घेऊन गेला. चहा घेतला. वकिलाचं नाव देऊन गेला.

मधुवंतीनं टाकी घासून घेतली. मोटर चालू केली. मी सकाळपासून पेपरसाठी खुलासा लिहितोय. चार वेळा सुरुवात केली. प्रत्येक वेळी 'अर्थात' या शब्दापाशी अडकतो.

सोमवार, २२ डिसेंबर

पेपरात बातमी. आतल्या पानावर, छोटी. 'दुर्मीळ मासा पुन्हा नदीत, एकावर गुन्हा.' नाव नाही, फोटो नाही. मोठा भार उतरला. खुलाशाची गरजच उरली नाही. एकावर म्हणजे कुणावरही. कोल्हापूर काही लहान गाव नाही.

ताठ मानेनं कॉलेजला गेलो. गेटवर शिपाई आण्णा उभा होता. रोजच्यासारखा नमस्कार केला. मीही केला. पुढं निघालो तसा मागून त्यानं विचारलं, "सर, मासा बरा हाय न्हवं आता?"

"बरा हाय," म्हणालो.